शवविच्छेदन आणि हृदयाची रोहिणी

आज कोलकाता या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कलकत्ता शहरात इ. स. १८३६ मध्ये, तेथील नव्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारातील एका कोठारात, एक प्रेत ठेवण्यात आले होते. नेमलेल्या वेळी शरीररचनेचे प्राध्यापक डॉ. हेन्री गुडीव्ह आत गेले आणि त्यांच्या पाठोपाठ हातात शस्त्र घेऊन पंडित मधुसूदन गुप्त गेले. विद्यार्थी मात्र दाराशीच घोटाळले. आत पाऊल टाकण्याचे धैर्य त्यांना होईना आणि तेथून निघूनही जाववेना. कोणी उंबऱ्याशी दाटीवाटीने उभे राहिले, कोणी झडपांच्या फटींतून डोकावू लागले. पंडितांनी स्थिर हाताने त्या प्रेताच्या छातीवर एक लांब आणि खोल छेद घेतला, तेव्हा असह्य ताण एकाएकी उतरावा त्याप्रमाणे बाहेरच्या साऱ्यांनी दीर्घ श्वास टाकला. पुढे मधुसूदनांचे चित्र महाविद्यालयाला अर्पण करण्यात आले, त्या वेळी ड्रिंकवॉटर बेथून यांनी हा प्रसंग अशाच शब्दचित्राने सांगितला. त्या दिवशी फोर्ट विल्यमच्या तटावरून तोफांची सलामी झाली, अशी आख्यायिकाही बंगालमध्ये सांगितली जाते. तोफा झाल्या असोत वा नसोत, बंद छाती उघडली गेली ही गोष्ट खरी.

मधुसूदन गुप्त हे वैद्य कुळातले. संस्कृत कॉलेजात त्यांनी आयुर्वेदाचे अध्ययन केले आणि पुढे तेथेच अध्यापनही केले. हूपर यांच्या शरीररचनेवरील इंग्रजी ग्रंथाचे त्यांनी संस्कृतात भाषांतर केले होते. जानेवारी १८३५ मध्ये लॉर्ड विल्यम बेंटिंक यांच्या आज्ञेने वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले, तेव्हा ते तेथे प्रात्यक्षिके दाखविण्याच्या कामावर रुजू झाले. प्रेताला स्पर्श करणे म्हणजे जातिबहिष्कार ओढवून घेणे, असा तो काळ. परंतु ज्या सुश्रुताला हिंदू वैद्य गुरुस्थानी मानीत, त्यानेच प्रेत कसे पाहावे याचा विधी सांगून ठेवला आहे: देह गवताने वेष्टून वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवावा, आणि मग वाळ्याच्या किंवा केसांच्या कुंचल्याने हळूहळू घासून त्वचेपासून एकेक थर डोळ्यांनी पाहावा. शास्त्रात असलेली ही गोष्ट व्यवहारातून शतकानुशतके लोपली होती. ती परत आली आणि लवकरच रूढ झाली. १८३७ साली विद्यार्थ्यांसमोर ६० प्रेतांचे विच्छेदन झाले, दुसऱ्या वर्षी हा आकडा दुप्पट झाला, आणि १८४४ साली तो ५००च्या वर गेला. स्वतः मधुसूदनांनी, शिक्षक असतानाच, १८४० साली पाश्चात्त्य वैद्यकाची परीक्षा दिली आणि ते उत्तीर्ण झाले.

या प्रसंगाचे वर्णन सुधारणेच्या इतिहासातील एक धाडस म्हणून नेहमी केले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याचे मोल धाडसापुरते नाही. मनुष्य कशाने मेला, या प्रश्नाचे उत्तर कित्येक रोगांच्या बाबतीत प्रेताखेरीज दुसरे कोणीही देऊ शकत नव्हते. असाच एक रोग हृदयाच्या रोहिणीचा, म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त पुरविणाऱ्या धमनीचा, आहे. त्याच्या शोधाचा इतिहास पाहिला म्हणजे मृतांची साक्ष किती अनमोल असते हे कळते, आणि ती कोठे अपुरी पडते हेही कळते.

योगायोग असा की, इंग्रजी वैद्यकात शवाच्या विच्छेदनाला जो शब्द आहे, तोच या रोगालाही आहे. दोहोंना ‘डिसेक्शन’ म्हणतात. शवविच्छेदनात वैद्य शरीराचे थर शस्त्राने एकमेकांपासून सोडवितो. या रोगात तेच काम रक्त करते. जिवंत माणसाच्या रोहिणीच्या भिंतीत रक्त शिरते आणि तिचे थर आतल्या आत उकलत जाते. मराठीत याला रोहिणीचे विदारण म्हणता येईल.

विदारणाची ओळख प्रथम झाली ती हृदयाच्या लहान रोहिणीत नव्हे, तर हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीत. आणि तीही एका राजाच्या प्रेतामुळे. २५ ऑक्टोबर १७६० रोजी इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज सकाळी एकाएकी कोसळून मरण पावला. राजवैद्य फ्रँक निकोल्स यांनी देह उघडला, तेव्हा हृदयाभोवतीची पिशवी रक्ताने भरलेली होती आणि महारोहिणीच्या आतल्या अंगाला आडवी चीर पडून रक्त तिच्या थरांमध्ये शिरलेले होते. पुढे १८१९ मध्ये फ्रेंच वैद्य लेनेक यांनी या विकृतीला ‘विच्छेदक’ हे विशेषण दिले. मात्र महारोहिणी अंगठ्याहून जाड, तर हृदयाची रोहिणी जेमतेम तीन-चार मिलिमीटर व्यासाची. पहिलीतील चीर कोणाच्याही डोळ्यांत भरेल. दुसरीतील चीर शोधून काढण्यासाठी तिचा विचार आधी मनात असावा लागतो.

कलकत्त्यात प्रेतांच्या साक्षी जमविण्याचे काम पुढेही चालू राहिले. महाविद्यालयाच्या संग्रहालयात देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेले विकृत अवयव जतन केले जात. त्यांच्या आधारे डॉ. ॲलन वेब यांनी ‘पॅथॉलॉजिया इंडिका’ हा ग्रंथ रचला, आणि १८४८ साली त्याची दुसरी आवृत्ती निघाली. १९०० सालानंतर सर लिओनार्ड रॉजर्स यांनी तेथे विकृतिशास्त्राचे अध्यापन करताना शवविच्छेदनाच्या जुन्या नोंदवह्या धुंडाळल्या आणि आव, यकृताचे गळू, काळा आजार यांसारख्या रोगांविषयी पुष्कळ प्रकाश पाडला. या साऱ्या कामाचा ओघ साहजिकच त्या भूमीत थैमान घालणाऱ्या साथींकडे व ज्वरांकडे होता. शिवाय कोणत्याही शवागारात सारे मृत येत नाहीत. कलकत्त्याच्या मेजावर आले ते बहुतेक रुग्णालयात मेलेले गोरगरीब, ज्यांच्या प्रेतावर हक्क सांगायला कोणी नव्हते. बाळंतिणीच्या खोलीत, पडद्याआड, छातीला हात लावून एकाएकी निमालेली एखादी तरुण सून त्या मेजापर्यंत कशी यावी?

या प्रश्नापाशी कलकत्त्याच्या परिसरातील एका मराठी स्त्रीची आठवण होणे अपरिहार्य आहे. गोपाळराव जोशी यांची टपाल खात्यातील नोकरी त्यांना बंगालमध्ये घेऊन गेली होती. फेब्रुवारी १८८३ मध्ये कलकत्त्याजवळील श्रीरामपूर येथील कॉलेजच्या सभागृहात त्यांच्या पत्नीने, अठरा वर्षेही पूर्ण न झालेल्या आनंदीबाईंनी, आपण अमेरिकेस का जाणार हे सभेपुढे इंग्रजीत सांगितले. हिंदुस्थानात स्त्री-वैद्यांची नितांत गरज आहे, हा त्यांच्या बोलण्याचा गाभा होता. पुरुष वैद्यापुढे स्त्रिया आपले दुखणे उघड करीत नाहीत, हे त्यांनी पाहिले होते, आणि स्वतःचे दहा दिवसांचे मूल गमावल्याचे दुःखही त्यांच्यापाशी होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या, आणि १८८६ साली फिलाडेल्फियात एम. डी. झाल्या. कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातून कादंबिनी गांगुली बाहेर पडल्या त्याही त्याच वर्षी. मधुसूदनांनी मृतांना बोलते केले. जिवंत स्त्रीचे दुखणे ऐकणारे कोणी असावे, हे मागणे आनंदीबाईंनी मांडले. या रोगाच्या इतिहासात या दोन्ही गोष्टींची गाठ पडते.

हृदयविकाराच्या झटक्याचे सुस्पष्ट वर्णन शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१२ साली केले. रोहिणीत रक्ताची गाठ अडकते, हृदयस्नायूचा रक्तपुरवठा तुटतो, तरीही रोगी प्रत्येक वेळी तत्काळ मरतोच असे नाही, हे त्यांनी दाखवून दिले. तेव्हापासून या विकाराचे एक ठरावीक चित्र वैद्यांच्या मनात रुजले: पन्नाशी ओलांडलेला पुरुष, बैठे काम, विडी-सिगारेटचे व्यसन, आणि मेदाचे थर साचून अरुंद झालेल्या रोहिण्या. चित्र खोटे नव्हते, परंतु ते सर्वांचे नव्हते. १९३१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये डॉ. प्रिटी यांनी एका बेचाळीस वर्षांच्या स्त्रीची हकीकत प्रसिद्ध केली. जोराच्या ओकाऱ्यांचे उमाळे येऊन गेल्यावर ती एकाएकी मरण पावली होती. शवविच्छेदनात तिच्या हृदयाच्या रोहिणीच्या भिंतीत रक्त शिरून ती फाटल्याचे आढळले. हृद्-रोहिणीच्या आपोआप झालेल्या विदारणाची ही पहिली नोंद म्हणून ओळखली जाते.

ही विकृती घडते कशी, हे समजण्यासाठी रोहिणीची रचना ध्यानी घ्यावी लागते. तिच्या भिंतीला तीन थर असतात. आतला थर तलम अस्तरासारखा, त्यावरून रक्त वाहते. मधला थर स्नायूंचा व लवचीक तंतूंचा, तो रक्ताचा दाब पेलतो. बाहेरचा थर चिवट धाग्यांचा, तो साऱ्यांना आवळून धरतो. या भिंतीचे स्वतःचे पोषण करण्यासाठी तिच्या बाहेरच्या भागात अत्यंत सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे असते. विदारणात रक्त मधल्या थरात किंवा मधल्या व बाहेरच्या थरांच्या सांध्यात साचते. तेथे जागा नसते, म्हणून ते जागा करून घेते. आतला थर पोकळीकडे ढकलला जातो, वाहती वाट चेपते आणि पुढच्या स्नायूला रक्त मिळेनासे होते. भिंतीला ओल धरून गिलावा फुगावा आणि बोळ अरुंद व्हावा, तसाच काहीसा हा प्रकार. मेदाने वाट बुजते तेव्हा अडथळा पोकळीत असतो. येथे तो भिंतीच्या पोटात असतो.

हे रक्त भिंतीत येते कोठून, याविषयी दोन मते आहेत. एक मत असे की, आतल्या अस्तराला प्रथम चीर पडते आणि वाहते रक्त त्या चिरेतून आत घुसते. दुसरे मत असे की, भिंतीतील एखादी सूक्ष्म वाहिनी फुटते, रक्त आतल्या आत साचते, आणि त्याच्या दाबाने कधी कधी अस्तर नंतर फाटते. रोहिणीत अतिसूक्ष्म प्रकाशयंत्र सरकवून भिंतीचे थर प्रत्यक्ष पाहण्याची सोय झाल्यावर असे दिसून आले की, पुष्कळ रोग्यांत अस्तराला चीर मुळीच नसते. त्यामुळे दुसऱ्या मताला अलीकडे अधिक बळ मिळाले आहे.

मूळ कारणांचा शोध अजून पुरा झालेला नाही, तरी काही गोष्टी निश्चित झाल्या आहेत. या रोगाच्या दर दहा रोग्यांपैकी सुमारे नऊ स्त्रिया असतात, आणि त्यांपैकी बहुतेकींचे वय पंचेचाळीस ते पंचावन्नच्या आसपास असते. त्यांच्यात मेद, मधुमेह, तंबाखू ही नेहमीची कारणे पुष्कळदा आढळत नाहीत. गरोदरपण आणि विशेषतः बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे अधिक धोक्याचे असतात. संप्रेरकांतील बदलांमुळे भिंतीतील तंतू सैल पडत असावेत, असे मानले जाते. गरोदरपणाशी संबंधित हृदयविकाराच्या झटक्यांत हे एक प्रमुख कारण ठरले आहे. अनेक रोग्यांच्या मानेतील किंवा मूत्रपिंडाच्या रोहिण्यांतही भिंतीची जन्मजात वाटावी अशी विकृती आढळते, म्हणजे रोग दिसतो हृदयात, पण दुबळेपणा साऱ्या शरीरातील रोहिण्यांचा असतो. मार्फान किंवा एहलर्स-डॅनलॉस यांसारखे संयोजी ऊतींचे आनुवंशिक विकार थोड्या रोग्यांत असतात. अशा दुबळ्या भिंतीवर शेवटचा घाव बसतो तो अतिश्रमाचा, उमाळ्याचा, किंवा पुष्कळदा तीव्र मानसिक आघाताचा. शोकाने काळीज फाटले, असे आपल्या भाषेत म्हणतात. क्वचित प्रसंगी तो शब्दशः खरा ठरतो. २०१९ साली एक विलक्षण गोष्ट उजेडात आली. एका जनुकाचा जो प्रकार विदारणाची शक्यता वाढवितो, तोच मेदाने रोहिणी बुजण्याची शक्यता कमी करतो. एकाच अवयवाचे हे दोन रोग एका अर्थी परस्परविरोधी आहेत.

१९३१ नंतर पुढील अनेक दशके या रोगाची माहिती मुख्यतः शवागारातूनच आली. परिणामी ग्रंथांतून दोन समजुती पक्क्या झाल्या: हा रोग अत्यंत विरळा आहे, आणि तो झाला की मृत्यू ठरलेलाच. साक्षीदार सारेच मृत असल्यावर निराळा निष्कर्ष निघावा तरी कसा? जे वाचले त्यांची नोंदच नव्हती. १९५८ साली अमेरिकेत डॉ. मेसन सोन्स यांच्या हातून चुकून हृदयाच्या उजव्या रोहिणीत रंगद्रव्य सोडले गेले आणि जिवंत माणसाच्या रोहिणीचे चित्र क्ष-किरणांवर उमटले. या चुकीतून निघालेले तंत्र पुढे जगभर पसरले. त्यानंतर जिवंत रोग्यांतही विदारण दिसू लागले. तरीही ते नीट ओळखले जाण्यास एकविसावे शतक उजाडावे लागले. कारण क्ष-किरणांवर दिसते ती पोकळी, भिंत दिसत नाही. रोहिणी केवळ निमुळती झालेली दिसते आणि पाहणाऱ्याला ती स्वभावतःच बारीक वाटते. २०१४ साली व्हॅंकूव्हरच्या डॉ. जॅकलिन सॉ यांनी या चित्रांची तीन प्रकारांत विभागणी केली, तेव्हा अस्तराची चीर दाखविणारा पाठ्यपुस्तकी प्रकार कमी आणि नुसत्या निमुळत्या रोहिणीचा प्रकार अधिक, असे स्पष्ट झाले. २०१८ साली अमेरिकेतील व युरोपातील हृद्‌रोगतज्ज्ञांच्या संस्थांनी या रोगावर स्वतंत्र निवेदने प्रसिद्ध केली. पन्नाशीच्या आतील स्त्रियांना येणाऱ्या हृदयविकाराच्या झटक्यांपैकी काही पाहण्यांत एक-तृतीयांशापर्यंत वाटा या रोगाचा निघाला. विरळा म्हणून बाजूला ठेवलेला रोग इतका जवळ होता.

दुसरी समजूतही ढासळली. विदारण झालेल्या बहुसंख्य रोहिण्या काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप भरून येतात. साचलेले रक्त शोषले जाते आणि थर पुन्हा एकमेकांना चिकटतात. म्हणूनच निदान अचूक होण्याला येथे इतके महत्त्व आहे. मेदाने बुजलेल्या रोहिणीत फुगा फुगवून जाळी बसविणे हा जीव वाचविणारा उपाय होय; परंतु विदीर्ण रोहिणीत तोच उपाय साचलेल्या रक्ताला पुढे रेटून फाट वाढवू शकतो. गाठ विरघळविणारे औषधही येथे रक्तस्राव वाढविण्याची भीती असते. रोग्याची प्रकृती स्थिर असेल आणि मुख्य रोहिणी धोक्यात नसेल, तर रुग्णालयात बारकाईने नजर ठेवून निसर्गाला अवसर देणे हाच उपचार पसंत केला जातो. रोग पुन्हा उद्‌भवण्याची शक्यता मात्र काही रोग्यांत राहते, म्हणून रक्तदाब ताब्यात ठेवणे आणि वैद्याच्या नजरेखाली राहणे आवश्यक ठरते.

या साऱ्या शास्त्राची सुरुवात मात्र रुग्णालयाच्या दारापाशी होते, नव्हे घरात होते. तीस-चाळीस वर्षांची बाई छातीत दुखते म्हणून सांगते. कळ खांद्यात, जबड्यात किंवा पाठीत जाते, घाम सुटतो, जीव घाबरा होतो. घरचे म्हणतात, पित्त झाले असेल. शेजारची म्हणते, बाळंतपणाचा अशक्तपणा. आणि कधी कधी वैद्यही म्हणतो, या वयात बायकांना हृदयविकार होत नाही, काळजी करू नका. अशा प्रसंगी हृदयाचा विद्युत्‌-आलेख आणि रक्ताची तपासणी ताबडतोब होणे हेच श्रेयस्कर. आनंदीबाईंनी श्रीरामपूरच्या सभागृहात मांडलेली तक्रार आज शब्दशः उरलेली नाही, हजारो स्त्रिया वैद्यक शिकत आहेत. परंतु स्त्रीचे दुखणे खरे मानण्यात होणारी दिरंगाई पुरती संपलेली नाही, आणि या रोगात ती दिरंगाई प्राणावर बेतते.

मृतांचे ऋणही विसरून चालणार नाही. १८३६ सालच्या त्या कोठारात ज्याची छाती उघडली गेली, त्याचे नाव इतिहासाने जपलेले नाही. त्याची संमती कोणी विचारली असण्याचाही संभव नाही. त्यानंतर सुमारे दीड शतकाने, १९७७ मध्ये, त्याच शहरात ब्रजो राय यांच्या पुढाकाराने ‘गणदर्पण’ ही संस्था उभी राहिली आणि तिने लोकांना स्वेच्छेने देहदान करण्याचे आवाहन केले. जानेवारी २०१० मध्ये पश्चिम बंगालचे माजी मुख्यमंत्री ज्योती बसू यांचा देह अग्नीला न देता, त्यांच्या इच्छेप्रमाणे, वैद्यकीय अध्ययनासाठी सुपूर्द करण्यात आला. २०२१ साली ब्रजो राय स्वतः करोनाच्या साथीत मरण पावले. तो रोग शरीरात काय करतो हे कळावे, म्हणून त्यांच्या देहाचेही शवविच्छेदन करण्यात आले.

ज्या नगरीत एकेकाळी प्रेताला शिवणे हे पातक होते, तेथे आपले प्रेत इतरांच्या उपयोगी पडावे ही इच्छा सज्जनतेची खूण ठरली. मधुसूदनांच्या त्या एका छेदाचे हे दूरवर पोहोचलेले फळ होय. मृतांनी आपल्या वाट्याची साक्ष दिली आहे. रोहिणीच्या भिंतीत दडलेले रहस्य त्यांच्याचमुळे प्रथम कळले. आता प्रश्न उरतो तो जिवंत स्त्रीच्या साक्षीचा. छातीवर हात ठेवून ती काही सांगत असेल, तर ते तिच्या प्रेताकडून ऐकण्याची वेळ येऊ नये.